हिरवळ काढल्यावर

शेगाव
१९ मार्च १९७२

वच्छलाबाई,

पाया पडते. दिवाळीपासून एक ओळ लिहिली नाई आणि आता काम पडलं त कागद घेऊन बसली, असं तू म्हणशील. म्हणजो.

बंगल्यापुढची आमची हिरवळ तुले माहीत आहे. आमचं कापसाचं जिनिंग चालू झालं त्या वर्षी ह्यांनी ते गवत नागपूरहून पोत्यांत भरून रेल्वेनं आणलं होतं. कलेक्टरीणबाई त्याच्यावर खुर्ची टाकून चहा प्याल्या, तवापासून ह्यांचा अर्धा जीव त्या गवतात. पण ते पाणी किती पिते हे यंदा कळलं. विहीर तळाले गेली. गल्लीतल्या बाया सकाळी हंडे घेऊन आमच्या विहिरीवर येतात. परवा पाईप गवतावर सुरू होता आणि एक बाई रिकामा हंडा घेऊन फाटकात उभी होती. पाण्याकडे पाहत राह्यली. मीच जाऊन पाईप बंद केला. त्या दिवसापासून पुन्हा लावला नाई.

आता सगळं पिवळं पडलं. हे म्हणतात, फरशी टाकू. मले फरशी नाई पायजे. छबी तीन वर्षांची झाली, दिवसभर तथीच खेळते. फरशीवर उन्हाळ्यात तिचे पाय भाजतील.

लहानपणी जानेफळच्या माळावर तू मले हाताले धरून एकेका झुडपाचं नाव सांगत होती. तुहे बाबा जनावरांले झाडपाल्याचं औषध देत, त्यांच्याजवळचं सगळं तुह्या डोक्यात आहे. तर मले सांग, पाणी न मागता जगेल असं काय लावू? ह्याच्यातलं तुले कळते, मले नाई.

तुही,
अन्नपूर्णा

*

दुसरबीड
२ एप्रिल १९७२

प्रिय अन्नपूर्णा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. बंगल्यातलं पाकीट पाहून हेडमास्तरांनी मला दोनदा विचारलं, कुणाचं म्हणून. मामेबहिणीचं, म्हटलं.

गवत मरत असेल तर मरू दे. ते आपल्या मातीचं नव्हतंच. आपल्याकडे पाऊस चार महिने, तोही त्याच्या मर्जीने. इथल्या झाडांना उरलेले आठ महिने तोंड मिटून बसता येतं. तुझ्या गवताला ते कुणी शिकवलं नाही.

आता असं कर. वैशाखात जमीन खोल खणून घे, गवताच्या मुळ्या वेचून काढ, शेणखत पसर आणि तशीच तापू दे. भिंतीच्या कडेने कोरांटी लाव. मधे तरवड. पश्चिमेला निर्गुडी आणि अडुळशाच्या पुरुषभर फांद्या रोव, म्हणजे दुपारचं ऊन अडेल. कोपऱ्यात एक बहावा. वाटेच्या दोन्ही बाजूंना पवन्या गवत येऊ दे, तेही गवतच आहे, पण न सांगता हिरवं होतं आणि न सांगता वाळतं. बी मी पाठवते. शाळेतल्या मुलींना घेऊन रविवारी माळावर जाईन. यजमान गेल्याला दहा वर्षं झाली. शाळा सुटल्यावर माझ्याकडे वेळच वेळ असतो.

तुझी हिरवळ मी एकदाच पाहिली, छबीच्या बारशाला. चपला काढून तिच्यावर बसले तर तू मला उठवलंस, पाहुणे यायचे आहेत, गवत दबेल म्हणून. तुझ्या लक्षात नसेल. सहज आठवलं म्हणून लिहिलं. माझ्या खोलीपुढे दोन हात जागा आहे, तिथे घरमालकीण म्हैस बांधते.

छबीला पापा. महादेवरावांना नमस्कार.

तुझी,
वच्छला

*

शेगाव
२० नोव्हेंबर १९७२

वच्छलाबाई,

यंदा पाऊस आला न आला सारखाच. कापूस गेला. जिनिंग कधी सुरू होईल त्याचा नेम नाई. पण तुही बाग उभी आहे. जुलैपासून तिले विहिरीतला एक हंडा दिला नाई. तरवड पिवळाजर्द, भिंतीशी कोरांटीची जांभळी रांग. लोक रस्त्यानं जाताना कुंपणाशी उभे राहतात. सासूबाई दुपारी निर्गुडीच्या सावलीत खाट टाकून निजतात, आधी म्हणत होत्या की दारात जंगल काऊन आणते. विहिरीचं सगळं पाणी आता गल्लीले जाते.

हे तुहं पत्र मोठ्यानं वाचतात. जेवताना आम्हाले सगळ्यांले बसवून वाचतात. म्हणतात, अक्षर पाहा, बाईचं डोकं पाहा, अशी बाई खेड्यात मास्तरीण होऊन बसली. मागचं पत्र दोनदा वाचलं. पुढच्या वेळी थोडक्यात लिहिजो, आणि पाकिटावर ह्यांचं नाई, माहं नाव घालजो.

तुही,
अन्नपूर्णा

*

शेगाव
२४ फेब्रुवारी १९७३

वच्छलाबाई,

एक आनंदाची गोष्ट. अकोल्याहून शेतीखात्याचे एक साहेब इथं दुष्काळाची पाहणी करायले आले होते. त्यांनी रस्त्यावरून बाग पाह्यली आणि मोटार थांबवली. मग खामगावच्या प्रदर्शनात मले बोलावून मानपत्र दिलं. पेपरात फोटो आला, कात्रण सोबत आहे. फोटोत मी काळी दिसून राह्यली, पण ह्यांनी फ्रेम करायले दिली.

साहेबांनी विचारलं होतं, हे कोणी शिकवलं. तेवढ्या गर्दीत मले काही सुचलं नाई.

पुढच्या हिवाळ्यात ते पुन्हा येतील म्हणाले, चार पाहुणे घेऊन. ह्यांनी फाटकावर लोखंडी कमान करून घेतली. तिच्यावर एखादी वेल पायजे, लवकर चढणारी, फुलांची. बी पाठवजो.

तुही,
अन्नपूर्णा

*

दुसरबीड
४ मार्च १९७३

(हे पत्र मी लिहिलं, पाकिटात घातलं आणि पेटीत टाकलं नाही. व.)

अन्नपूर्णा,

तुझं कात्रण येण्याआधीच तो पेपर शाळेत आला होता. हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर बातमी वाचून दाखवली. आपल्या जिल्ह्यातल्या एका गृहिणीने, म्हणाले, स्वतःच्या कल्पनेतून दुष्काळात बाग फुलवली. मी मुलींच्या रांगेशेजारी उभी होते. त्यातल्या सहा जणींनी माझ्याबरोबर तीन रविवार माळ तुडवून ते बी वेचलं होतं. वर्गात गेल्यावर एकीने विचारलं, "बाई, हे त आपलंच बी होय ना?" मी म्हणाले, "नाही गं, असली झाडं सगळीकडेच असतात."

ते मी तुझी लाज राखण्यासाठी म्हणाले नाही. माझी राखण्यासाठी म्हणाले.

तुझ्याजवळ पुष्कळ आहे. महादेवराव आहेत, छबी आहे, दारापुढे मोटार आहे, निर्गुडीखाली निजणारी सासू आहे. यातलं मी कधी काही मागितलं नाही. देवाकडेही नाही. माझ्याजवळ एकच गोष्ट होती. ती तू मागितलीस, मी दिली, आणि आता ती तुझीच असल्याचं छापून आलं.

मला दोन दिवस जेवण गेलं नाही. शाळेतून येताना मी तुझ्याशी मनात भांडते. काल तर चालता चालता मोठ्याने बोलले, आणि समोरून येणारा माणूस बाजूला झाला. तुला गर्दीत सुचलं नाही म्हणतेस. माझं नाव तीन अक्षरांचं आहे, अन्नपूर्णा.

*

दुसरबीड
८ मे १९७३

प्रिय अन्नपूर्णा,

अभिनंदन. फोटो छान आला आहे.

कमानीसाठी सोबत रानघेवड्याचं बी पाठवत आहे. मृगात फाटकाच्या दोन्ही खांबांशी चार चार लाव. हिवाळ्याच्या तोंडाला गर्द जांभळ्या फुलांचे घोस लोंबतील. पाहणाऱ्याला वाटेल, द्राक्षंच लागली. तिला वळण द्यावं लागत नाही, हात लावावा लागत नाही. आपोआप चढते.

थोडक्यात लिहिलं आहे.

वच्छला

*

शेगाव
१८ नोव्हेंबर १९७३

वच्छलाबाई,

तू सांगतलं तसंच झालं. यंदा पाऊस मनासारखा झाला आणि वेल चार महिन्यांत कमानीवर गेली. पान दिसत नाई एवढी फुलं. हे सकाळी चहाचा कप घेऊन तिच्याखालीच उभे राहतात. अशी वेल शेगावात कोणाच्या दारावर नाई. आमची जनकाबाई कामाले असती त तिलेही दाखवली असती, पण ती लेकीच्या बाळंतपणाले गावी गेली आहे. संक्रांतीपर्यंत येते म्हणे.

संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा घरात नाई, बागेत करायचं ठरवलं. पन्नास बाया होतील. सगळ्या त्या कमानीखालून येतील. छबी आतापासून हलव्याचे दागिने मागून राह्यली. तुले सुट्टी असली त तूही येजो.

तुही,
अन्नपूर्णा

*

दुसरबीड
३ डिसेंबर १९७३

प्रिय अन्नपूर्णा,

परीक्षा जवळ आल्या आहेत, मला येणं जमणार नाही.

वेल जुनी झाली की शोभत नाही असं म्हणतात. शेंगा धरायच्या आत तोडून टाकलेली बरी. हळदीकुंकू घरातच केलंस तरी चालेल, हिवाळ्यात संध्याकाळी वारं सुटतं, छबीला बाधेल.

वच्छला

*

अकोला
१७ जानेवारी १९७४

वच्छलाबाई,

दवाखान्यातून लिहून राह्यली. अक्षर गिचमिड आहे, समजून घेजो.

वेल मी तोडली नाई. एवढी चढलेली, शेंगांवर सोनेरी मखमल आली होती, तोडायले जीव झाला नाई. संक्रांतीले चार वाजता बाया यायले लागल्या. वारं सुटलं होतं. पहिल्या सात-आठ जणी कमानीखालून आल्या, कुंकू लावून घेतलं, आणि एकदम मान-गळा खाजवायले लागल्या. मग मागच्या. कोणाले काही समजेना. हातातलं वाण टाकून बाया हौदाकडे पळाल्या. नव्या लुगड्यातल्या बाया, वच्छलाबाई, पदर सोडून अंग खाजवत होत्या. देशमुखांच्या सुनेचा गळा रक्ताळला. त्या गडबडीत छबीकडे माहं लक्ष गेलं नाई. तिनं खाली पडलेली शेंग उचलली होती. मांजरीच्या पिल्लासारखी मऊ लागली म्हणे. ती तिनं गालाले लावली, आणि मग तेच हात डोळ्यांले.

तिचं रडणं अजून माह्या कानात आहे. इथल्या डॉक्टरांनी डोळे धुतले, पट्ट्या बांधल्या. उजवा ठीक आहे म्हणतात. डाव्याचं आठ दिवसांनी सांगतील.

दुसऱ्या दिवशी हे घरी गेले, तवा जनकाबाई आली होती. कमानीकडे पाहून तिनं कपाळाले हात लावला. म्हणाली, "अगं बाई, हे त खाजकुइली होय. हे कोणी दारात लावते का?" ह्यांनी कोणाचं न ऐकता स्वतः वेल मुळापासून तोडली. दोन्ही हात कोपरापर्यंत सुजले.

सासूबाई म्हणतात, कोणी दावा साधला. मी म्हटलं, माह्या बहिणीनं पाठवलेलं बी आहे, त्यात दुसरं बी मिसळलं असंल. पोरींनी वेचलेलं, चुकते. तू मनाले लावून घेऊ नको. तुले ह्याचा उतारा माहीत असंल त लवकर कळवजो. बाबांजवळ काही औषध होतं का?

अन्नपूर्णा

*

दुसरबीड
२२ जानेवारी १९७४

अन्नपूर्णा,

डोळ्याला माझ्याकडे औषध नाही. झाडपाल्याचं काही घालू नकोस, कुणी सांगितलं तरी. डॉक्टर म्हणतील तेवढंच कर.

बी मिसळलं नव्हतं.

मुलींनी वेचलेलं नव्हतं ते. मी एकटीने वेचलं, हाताला फडकं गुंडाळून, शाळेच्या मागच्या नाल्यात. काय आहे ते मला माहीत होतं. पाच वर्षांची असल्यापासून माहीत आहे. बाबांनी मला ती वेल लांबून दाखवली होती आणि माझं बोट धरून ठेवलं होतं.

सोबत एक जुनं पत्र पाठवते. मागच्या मार्चमध्ये लिहिलेलं. ते तेव्हाच पेटीत टाकलं असतं तर तू रागावली असतीस, आपलं भांडण झालं असतं, आणि तेवढ्यावर भागलं असतं. मी ते ठेवून घेतलं आणि बी पाठवलं.

मला वाटलं होतं, तुझे ते साहेब येतील, पाहुणे येतील, कमानीखाली उभे राहतील आणि चार लोकांत तुझी फजिती होईल. ज्यांच्यामुळे पेपरात नाव आलं, त्यांच्याच समोर. एवढंच मनात होतं. छबी मनात नव्हती. पण हे मी कशाला लिहिते आहे? शेंगा खाली पडतात हे मला माहीत होतं, आणि तुझ्या घरात लहान मूल आहे हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवल्या नाहीत, इतकंच.

डिसेंबरात मला भीती वाटली. म्हणून शेंगा धरायच्या आत तोड असं लिहिलं. खरं कारण लिहिलं नाही. उद्या काही झालं तर मी सांगितलं होतं असं स्वतःला म्हणता यावं, म्हणून ते अर्धं पत्र.

तुझं पत्र मिळाल्यावर परवा मी अकोल्याला आले होते. दवाखान्याच्या व्हरांड्यापर्यंत आले. खिडकीतून छबी दिसली. डोळ्यांवर पट्ट्या होत्या आणि महादेवराव सुजलेल्या हातांनी तिला केळं भरवत होते. ती तोंड उघडं ठेवून घास कुठून येतो याची वाट पाहत होती. तू पाठमोरी होतीस. मी तशीच मागे फिरले आणि एसटी स्टँडवर येऊन बसले.

हे पत्र महादेवरावांना दाखव. पोलिसांत द्यायचं असेल तर दे. मी नाकारणार नाही.

वच्छला

*

शेगाव
९ फेब्रुवारी १९७४

पत्र भेटलं. दोन्ही वाचली.

डाव्या डोळ्यात फूल पडलं आहे. डॉक्टर म्हणतात कमी होईल, किती ते सांगत नाईत. ती तो डोळा मिटून चालते.

तू इथं येऊ नको. काही लिहूही नको.

अन्नपूर्णा

*

शेगाव
२ सप्टेंबर १९७४

वच्छलाबाई,

सात महिने झाले. लिहू नको म्हटलं आणि तू लिहिलं नाई.

छबी बालवाडीत जाते. जुलैत अकोल्याले नेलं होतं. डॉक्टरांनी उजवा डोळा झाकून तिले खिडकीतलं पाखरू दाखवलं, त तिनं चोच कोणत्या बाजूले आहे तेही सांगतलं. फूल पुष्कळ विरलं. उन्हात जवळून पाह्यलं की एक पांढरा ठिपका दिसते, तो राहील म्हणतात. तिले तो माहीत नाई. मले माहीत आहे.

मृगाचा पाऊस पडल्यावर फाटकापाशी त्या वेलीचे कोंब निघाले. शेंगा फुटून बी सगळीकडे उडालं असंल. मी रोज सकाळी चहाच्या आधी जाते आणि हातानं उपटते. सुरुवातीले कुंपणाशी टाकलेली तूर कोणती आणि ते कोणतं हे समजत नव्हतं. आता समजते. त्याचं पान उजेडाकडे धरलं की मागून राखट दिसते. हे मले कोणी सांगतलं नाई, माहं मीच पाह्यलं.

ह्यांनी आता पुन्हा गवत लावायचं काढलं. विहिरीले पाणी आलं. म्हणाले, सगळी झुडपं काढून टाकू, नागपूरले पोत्यांची चिठ्ठी पाठवतो, डोळ्यापुढे ही बाग नको. मी नाई म्हटलं. काऊन, म्हणून त्यांनी विचारलं. तवा मी तुही दोन्ही पत्रं पेटीतून काढून त्यांच्या हातात दिली. इतके महिने दाखवली नव्हती. सासूबाईंलेही बी मिसळलं असंच सांगत राह्यली होती.

त्यांनी दोन्ही वाचली. मोठ्यानं नाई वाचली. मले वाटलं, आता तुले शिव्या देतील. त्यांनी विचारलं, "त्या बाईचं नाव तू साहेबाले काऊन सांगतलं नाई?"

मी म्हटलं, "तुमच्यामुळं नाई सांगतलं."

वच्छलाबाई, तुहं पत्र आलं की ते जेवण थांबवून वाचत. लग्नानंतरची तीन वर्षं माहेरी गेली की मी त्यांले पत्रं लिहिली, त्यांनी एकही कधी कोणाले वाचून दाखवलं नाई. मले सातवीपर्यंतच शिकवलं, माहं अक्षर वाकडं. खामगावात साहेबांनी विचारलं तवा तुहं नाव माह्या ओठावर होतं. हे शेजारी उभे होते. मी ते नाव गिळलं. गर्दीत सुचलं नाई हे खोटं होतं. हे सांगून मी बरोबरी करून राह्यली नाई. माह्या खोट्यानं कोणाचा डोळा गेला नसता.

पाहुणे घेऊन येणारे साहेब मागच्या हिवाळ्यात आलेच नाईत. मागच्या बुधवारी आले, एकटेच. बाग फिरून पाह्यली. मी त्यांले सांगतलं, हे माहं नाई, दुसरबीडच्या शाळेत माही आतेबहीण आहे, वच्छलाबाई, तिनं एकेक बी पाठवलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग रिकाम्या कमानीकडे पाहून म्हणाले, इथं वेल होती असं ऐकलं. मी म्हटलं, होती. तीही तिनंच पाठवली होती. त्यांनी वही मिटून खिशात घातली.

ते तुले पत्र लिहितील. आलं त उत्तर देजो.

माफ केलं असं मी लिहून राह्यली नाई. छबी उन्हात माह्याकडे वळून पाहते तवा माहं मन अजून कडू होते, आणि ते कधी जाईल हे मले सांगता येत नाई. पण आठ दिवस झाले, निर्गुडीले कसली कीड लागली आहे, पानं गुंडाळून राह्यली, आणि विचारायचं कोणाले हे मनात आलं की तुहंच नाव येते. त्याचाही राग येते.

दसऱ्याच्या सुट्टीत ये. हे स्टेशनवर किंवा स्टँडवर येणार नाईत, रिक्षा करून येजो. सासूबाई काही बोलल्या त ऐकून घेजो.

येताना बी आणू नको, रोप आणू नको. छबीसाठी खाऊसुद्धा आणू नको. रिकाम्या हातानं ये.

अन्नपूर्णा